गाय कधी विणार, हे वासरू ठरवतं

गाभण गाय दिवसात आली की शिरूर असो की इंदापूर, गोठ्यावर सगळ्यांचे अंदाज सुरू होतात, कास भरली का, शेपटीजवळचा भाग सैल पडला का, आज रात्री की उद्या. पण विण्याचा सिग्नल गाय देतच नाही, तो पोटातलं वासरू देतं, आणि तोही कॉर्टिसॉलने, म्हणजे ज्याला आपण स्ट्रेस हार्मोन म्हणून शिव्या घालतो त्यानेच.

गाय साधारण 280 दिवस गाभण राहते. शेवटच्या दिवसांत वासराच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल जोरात बनवायला लागतात, त्याने वारेतलं (वार म्हणजे प्लासेंटा) एन्झाइम कामाला लागतं, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन उतरतं, इस्ट्रोजेन चढतं, मग प्रोस्टाग्लँडिन आणि कळा. वासराची फुफ्फुसंही हाच कॉर्टिसॉल तयार करतो. न्यूझीलंडचे संशोधक माँट लिगिन्स यांनी 1960 च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग करून ही साखळी उलगडली. म्हणूनच स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टर विचारतात, गाय किती महिन्यांची गाभण आहे, कारण शेवटच्या टप्प्यात त्याने गाय वेळेआधीच विऊ शकते, आणि मग वार अडकायची भीती.

गायीचा स्वतःचा कॉर्टिसॉल विताना चढतो आणि दोनेक दिवसांत उतरतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त त्या काळात प्रतिकारशक्ती थोडी ढिली पडते, म्हणून दगडी, म्हणजे कासेची सूज, होऊ नये यासाठी जागा कोरडी, स्वच्छ हवी. आणि हो, पहिलारू कालवड विताना अख्खं घर मोबाईल घेऊन भोवती उभं राहतं ना, ते बंद करा! भीतीने अॅड्रिनलिन सुटतं, गर्भाशय सैलावतं, विणं लांबतं. गाय पान्हा चोरते त्यामागेही बऱ्याचदा हेच अॅड्रिनलिन असतं.

खरा त्रास रोज थोडा थोडा होणाऱ्या ताणाचा. 1967 ला उरुळी कांचनला बायफ ही पशुपालनात काम करणारी संस्था सुरू झाली, पुढे संकरित गायी गावोगाव आल्या, दूध भरपूर पण ऊन सोसत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा 40 ला टेकतो तेव्हा पंखे, फॉगर दुभत्या गायींना, आणि आटवलेली गाय पत्र्याखाली, कारण ती आज दूध देत नाही! माझ्या मते हा हिशोबच चुकीचा आहे. शेवटच्या दोन महिन्यांत गाय उन्हाने तापली की वारेचा रक्तपुरवठा घटतो, वासरू वजनाला कमी भरतं आणि पुढच्या वेताचं दूधही घटतं.

असा लांबचा ताण रक्त तपासून नीट कळत नाही, धरपकड आणि सुई यांनीच काही मिनिटांत कॉर्टिसॉल चढतो. मग संशोधक शेपटीचे केस कापून नेतात, केस वाढताना त्यात साठलेला कॉर्टिसॉल मागच्या काही आठवड्यांचा अंदाज देतो.