शेवळं, काकडं आणि घशातल्या सुया

परवा दादर स्टेशनबाहेर पालघरकडच्या एका मावशींकडे शेवळं दिसली. जुड्या बांधलेल्या, शेजारी काकडांचे, म्हणजे छोट्या आंबट हिरव्या फळांचे वाटे. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "काकडं घ्या ताई, नाहीतर घसा धरेल." घरी पोचते तो नातेवाइकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड हजर: 'आंबट घातलं की रानभाजीतलं घसा खाजवणारं ऑक्सलेट विरघळून जातं.' मावशींचा सल्ला बरोबर होता, फॉरवर्डमधलं रसायनशास्त्र मात्र सपशेल चूक.

शेवळ म्हणजे सुरणाचं चुलत भावंड, शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटाटस. फेब्रुवारी-मार्चात पळस आणि काटेसावर फुलते, शेवग्याच्या फुलांची भाजी होते, तो झाडांचा वसंत. जमिनीतल्या कंदांचा वसंत वैशाख सरता सरता येतो. पानाचा पत्ता नसताना कंद साठवलेल्या स्टार्चवर आधी फुलोराच वर काढतो. पान मागाहून, पाऊस लागल्यावर. आपण खातो तो हा फुलोरा. बाहेरचं जांभळट-तपकिरी आवरण, आत दांडा. दांड्याच्या तळाशी मादीफुलं, त्यांच्यावर नरफुलं आणि वर लांब शेंडा. सीकेपी घरांत याची सोडे घालून कणी होते, कुणी कोलंबी घालतं, कुणी खिमा. साफ करताना खालचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात. आमच्या मावशीआजीच्या देखरेखीखाली हे काम चालायचं तेव्हा 'खाज' हा शब्द उच्चारायला बंदी होती. उच्चारला की जास्त खाजतं म्हणे! आम्ही तोंडं बंद ठेवायचो, हात तरीही खाजायचे.

कारण हात खाजवणाऱ्या गोष्टीला कान नाहीत. तिला टोक आहे.

अळू, सुरण, शेवळ या साऱ्या कुळाच्या काही खास पेशींत कॅल्शियम ऑक्सलेटचे स्फटिक तयार होतात, तेही काडेपेटीतल्या काड्यांसारखे एकत्र रचलेल्या सुयांच्या रूपात. त्यांना रॅफाइड म्हणतात. एकेक सुई साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी लांब, दोन्हीकडे टोकदार. पेशीत सुयांभोवती चिकट द्रव असतो. पेशी चावली गेली किंवा चिरली गेली, की हा द्रव पाणी शोषून फुगतो आणि सुया पेशीच्या टोकांतून बाहेर फेकल्या जातात. या कुळातल्या सुयांना लांबीच्या दिशेने खाचाही असतात. सुई जिभेत शिरते, आणि पेशीरसातली प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) तिने पाडलेल्या भोकातून आत उतरतात. नुसती सुई टोचली तर थोडं झोंबेल. नुसतं विकर त्वचेवर पडलं तर फारसं काही होणार नाही. दोन्ही एकत्र आली की घसा सुजतो.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. 2014 साली जपानमधल्या संशोधकांनी किवी फळातल्या अशाच सुया आणि प्रथिनं तोडणारं एक विकर एरंडाच्या पानांवर लावून ती पानं एरी रेशीमकिड्याच्या अळ्यांना खायला घातली. नुसत्या सुयांनी किंवा नुसत्या विकराने अळ्यांचं फारसं बिघडलं नाही. दोन्ही मिळून लावल्यावर त्या मेल्या. तेच कॅल्शियम ऑक्सलेट सुईचा आकार नसलेल्या भुकटीच्या रूपात दिलं, तेव्हा हा जोडपरिणाम दिसला नाही. म्हणजे इथे पदार्थाइतकाच त्याचा आकारही घातक. मला हा प्रयोग फार आवडतो.

आता काकडांकडे. कॅल्शियम ऑक्सलेट पाण्यात विरघळतं ते लिटरमागे जेमतेम 6-7 मिलिग्रॅम. हायड्रोक्लोरिक आम्लात ते विरघळतं, पण व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लाला दाद देत नाही, हे प्रयोगशाळेत क्षार ओळखायला शिकलेल्यांना आठवेल. कारण ऑक्सलेट आयनांना पकडून ठेवायला हायड्रोजन आयन भरपूर लागतात आणि सौम्य आम्लं ते पुरेसे सोडत नाहीत. तेव्हा कढईतल्या चमचाभर आंबट रसाने सुया वितळत नाहीत. त्या जशाच्या तशा पोटात जातात. मोडतं ते विकर. ते प्रथिन आहे, आणि उष्णता व आंबटपणा मिळून प्रथिनाची घडी उलगडतात. उकळत्या दुधात लिंबू पिळल्यावर होतं तेच. सुई उरते, तिच्यावरचं विष जातं. म्हणून काकडाचा रस शेवटी वरून पिळून भागत नाही, भाजी त्यात शिजावी लागते.

उकळून पाणी फेकण्याचा फायदा वेगळा: पाण्यात विरघळणारं जे ऑक्सलेट असतं त्यातलं बरंचसं निघून जातं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र तरीही या भाज्यांपासून लांब राहावं. 'रानातलं म्हणजे औषधी' हे वाक्य ऐकलं की मला या सुया आठवतात. झाडाने त्या आपल्या आरोग्यासाठी घडवलेल्या नाहीत.

आणि हौसेने स्वतः खुडायला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, शिवाय शेवळाचे सगळेच भाईबंद खाण्याजोगे नसतात. मावशींना ते कळतं, आपल्याला नाही.

जुडीतलं एक शेवळ मी बाजूला ठेवलं होतं. ब्लेडने पातळ काप काढला, काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकून भाचीच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आधी गवताच्या पेंढीसारखे गठ्ठे दिसले. मग एका गठ्ठ्यातून एक सुई सरकली, पाठोपाठ दुसरी. भाचीने ओठ घट्ट मिटले आणि कणी खायला साफ नकार दिला.