वसईचा गावपट्टा

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यात पश्चिम रेल्वेचे रूळ आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये पसरलेला गावांचा पट्टा. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. पापडी, गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा ही त्यातली काही गावे. मुंबईचे उपनगर एवढीच या पट्ट्याची ओळख सांगणे अपुरे आहे. इथली शेती, मासेमारी आणि बोली आजही स्वतःच्या पायावर उभ्या आहेत.

कोण कुठे वसले हे बहुतांशी जमीन आणि पाण्याने ठरवले. किनाऱ्यावर कोळी आणि मांगेले, गोड्या पाण्याच्या वाड्यांत, म्हणजे बागायतीत, वाडवळ, सामवेदी आणि भंडारी, खाडीलगतच्या खाजणांत (खाऱ्या जमिनीत) भातशेती व मिठागरे सांभाळणारे आगरी. वाड्यांतली अंगमेहनत मात्र फार मोठ्या प्रमाणावर वारली आणि इतर आदिवासी मजुरांनी केली. वसईच्या हिरवाईचे कौतुक करताना त्यांचा उल्लेख बहुधा गळतो, हे योग्य नाही.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोन शतकांत अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. आडनावे डिसोझा, परेरा, लोपीस अशी झाली तरी घरातली भाषा टिकली. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती ऊर्फ कुपारी दोघेही कादोडी बोलतात. वाडवळीही हिंदू व ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत ऐकू येते.

वाडीतले काम पहाटे सुरू होते. मोगऱ्याची कळी उमलण्याआधी खुडावी लागते, नाहीतर बाजारात भाव पडतो. मग फुलांची गाठोडी, केळीची पाने आणि भाजीच्या पाट्या लोकलच्या मालडब्यात चढतात आणि दिवस पुरता उजाडण्याआधी दादरच्या फुलबाजारात पोचतात. लाल लुगड्यातल्या कुपारी बायका कित्येक वर्षे मुंबईभर भाजी विकत होत्या. घरचा रोख पैसा त्यांच्याच हातून येई. आगाशी परिसरातली सुकेळी हे असेच कष्टाचे काम. पिकलेली राजेळी केळी सोलून अनेक दिवस उन्हात वाळवायची, रात्री झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची; एक अवकाळी सर आली की सारी मेहनत वाया. अर्नाळा आणि पाचूबंदरला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळतात. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवायला सहकारी पतपुरवठाही लवकर उभा राहिला: बॅसीन (म्हणजे वसई) कॅथॉलिक बँकेची स्थापना १९१८ ची आहे.

रेल्वेने मात्र सगळ्यांचीच दिशा बदलली. विरारहून मुंबईला १८६७ पासून गाडी होती. विजेची गाडी विरारला १९३६ मध्ये पोचली. शिकलेली मुले कारकून, शिक्षक, परिचारिका झाली, काही बोटीवर आणि आखातात गेली. गिरगाव-लालबागमध्ये जागा परवडेनाशी झाली तेव्हा मराठी कुटुंबे इकडे सरकली. गुजराती, दाक्षिणात्य, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आले. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांनी त्यांतल्या अनेकांना काम दिले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती.

या वाढीची किंमत विहिरींनी मोजली. १९८० च्या दशकात नव्या इमारतींसाठी वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. उपसा वाढला तसे समुद्राचे खारे पाणी आत शिरले आणि पानवेली, केळी जळू लागल्या. त्यातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई'चे आंदोलन उभे राहिले. दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आंदोलनात चर्च आणि देऊळ असा भेद नव्हता, कारण विहीर दोघांचीही खारट होत होती. पावसाचे पाणी जिरवणारी बावखले (छोटी तळी) बुजवून बांधकाम करणे आजही थांबलेले नाही, आणि वाडीच्या भवितव्याला सर्वांत मोठा धोका तोच आहे.

२००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा अनेक गावांनी तिला विरोध केला. ग्रामपंचायत गेली की जमिनीच्या वापरावरचा आपला शब्दही जाईल, ही त्यामागची भीती. २९ गावे वगळण्याचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला.