गोबेल्सच्या तोंडी घातलेलं वाक्य

‘खोटं शंभर वेळा सांगा, ते खरं होतं’ हे हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याचं वाक्य, असं आपण बिनधास्त ठोकून देतो. कुणी शंभर म्हणतं, कुणी हजार. पण त्याच्या भाषणांत किंवा लेखांत हे वाक्य कुठेच सापडलेलं नाही.

जे सापडतं ते जास्त मासलेवाईक आहे. थाप जितकी मोठी तितकी ती लोकांच्या गळी सहज उतरते, असं हिटलरने १९२५ च्या आत्मचरित्रात लिहिलं खरं, पण ज्यूंवर आरोप करताना. गोबेल्सनेही जानेवारी १९४१ च्या लेखात हेच इंग्रजांवर शेकवलं: खोटं बोलायचं तर मोठं बोलायचं, आणि हसू झालं तरी त्यालाच चिकटून राहायचं. चोराच्या उलट्या बोंबा! आणि आपली युक्ती जाहीर सांगत फिरणारा प्रचारमंत्री काय कामाचा?

मग वारंवार सांगण्याचा परिणामच होत नाही? होतो की. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधानं ऐकवली. जी पुन्हा पुन्हा कानावर पडली, ती त्यांना जास्त खरी वाटू लागली. पण ती किंचितच जास्त. खोट्याचं रातोरात सत्य झालं नाही. शिवाय खऱ्या विधानांनाही हाच फायदा मिळाला. त्यामुळे ‘सगळ्यांनाच माहीत आहे’ असं म्हणत कुणी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगू लागलं, की पुरावा मागायचा. गोबेल्सच्या वाक्याचाही.