चार्टर प्राथमिक शाळेचा पट

अमेरिकेतील चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते आणि फी घेत नाही. तिचा कारभार मात्र स्वतंत्र मंडळाकडे असतो आणि ठरावीक मुदतीच्या करारावर तिचे अस्तित्व अवलंबून असते. असा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली चार्टर शाळा भरली. देशभरातील चार्टर शाळांचा एकूण पट २०१० मध्ये सुमारे १८ लाख होता, तो २०२१ मध्ये ३७ लाखांच्या आसपास गेला. बालवर्ग ते पाचवीपर्यंतच्या एखाद्या लहान शाळेचा पट मात्र दोनशेच्या आतही असू शकतो.

नेहमीच्या सरकारी शाळेत मूल बहुधा घराच्या पत्त्यावरून जाते. इथे पालकांना अर्ज करावा लागतो. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत निघते आणि उरलेली मुले प्रतीक्षायादीत जातात. भावंडांना सहसा प्राधान्य मिळत असल्याने बालवर्गातल्या बऱ्याच जागा आधीच भरलेल्या असतात. सोडत निष्पक्ष असली तरी चिठ्ठी टाकणारे सगळ्या थरांतले असतील असे नाही. अनेक ठिकाणी शाळेची बस नसते. ज्यांना मूल रोज सोडता-आणता येते तेच अर्ज करतात. काही शाळा मधल्या इयत्तांत रिकाम्या झालेल्या जागा भरत नाहीत, त्यामुळे वरचे वर्ग विरळ होत जातात.

पट घटला की अनुदान घटते. मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारच्या मोजणीला अनुदानात मोठे वजन आहे. कॅलिफोर्निया वर्षभराची सरासरी हजेरी धरते. दोनशेच्या शाळेतून दहा मुले गेली तरी वर्ग, शिक्षक आणि वीजबिल तेवढेच राहते. लहान शाळांना याची धास्ती असते.

२०२१ च्या आकड्यांनुसार चार्टर शाळांत हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश वंशाची) मुले सुमारे ३६ टक्के, श्वेतवर्णीय २९ आणि कृष्णवर्णीय २४ टक्के होती. एकेका शाळेला ही सरासरी क्वचितच लागू पडते. सेंट पॉलमधल्या ह्माँग (आग्नेय आशियातून आलेला समाज) भाषा-संस्कृतीभोवती उभ्या राहिलेल्या शाळांत बहुसंख्य मुले आशियाई आहेत. याला कोणी समाजाची स्वतःची शाळा म्हणते, कोणी वंशविभाजन. मिनेसोटात २०१५ मध्ये दाखल झालेल्या क्रूझ-गुझमन खटल्यात हा वाद न्यायालयापर्यंत गेला. ‘आशियाई’ हा रकानाही ढोबळच आहे: त्यात चिनी, व्हिएतनामी, ह्माँग आणि मराठी घरातले मूल एकत्र मोजले जाते.

लहान शाळेच्या टक्केवारीवर तर फारच सावधपणे विसंबावे. वीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे पाच टक्के. एक कुटुंब गाव सोडून गेले की आलेख हलतो. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून अगदी लहान गटांचे आकडे राज्ये छापतही नाहीत, तिथे नुसती खूण असते. गरिबी मोजण्याची जुनी पद्धत म्हणजे मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र मुलांचे प्रमाण. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण मोफत, १८५ पर्यंत सवलतीत. गरीब वस्तीतल्या शाळांना सरसकट सगळ्यांना मोफत जेवण देण्याची मुभा मिळाल्यापासून अशा शाळांत घरोघरचे उत्पन्नाचे अर्ज भरून घेतले जात नाहीत. तिथे शंभर टक्के हा आकडा दिसला, तरी त्यावरून प्रत्येक घर गरीब आहे असे ठरत नाही.