दारावरून स्क्रीनवर

अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासांसाठी हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मुळं असलेली, माणसं फेसबुकवरून गोळा करणं ही अलीकडची गोष्ट. ती मिळत नाहीत हे रडगाणं मात्र जुनं.

'हिस्पॅनिक' हा मुळात जनगणनेतला सरकारी रकाना. 1970च्या जनगणनेत हा प्रश्न मोजक्या घरांना विचारला गेला, 1980मध्ये सगळ्यांना. टेक्सासमधलं पिढ्यान्‌पिढ्यांचं मेक्सिकन कुटुंब, न्यूयॉर्कचे पोर्तो रिकन, मायामीचे क्यूबन, सगळे एकाच रकान्यात. 2020मध्ये ही संख्या 6 कोटी 21 लाखांवर गेली. अल्झायमर असोसिएशनच्या मते त्यांच्यातल्या वृद्धांना या आजाराचा धोका गोऱ्या वृद्धांच्या सुमारे दीडपट. सरकारी पैशावरच्या संशोधनात अल्पसंख्याकांना घ्याच, असं सांगणारा कायदा 1993मध्ये झाला. तरीही 2004मध्ये सुरू झालेल्या 'एडीएनआय' या अल्झायमरवरच्या नावाजलेल्या संशोधन प्रकल्पात बहुतेक सहभागी गोरे आणि उच्चशिक्षितच होते.

'ही माणसं पुढेच येत नाहीत' असं म्हणणं सोपं; पण त्यांच्या अविश्वासामागे इतिहास आहे. 1946 ते 1948 या काळात अमेरिकी सरकारी डॉक्टरांनी ग्वाटेमालात कैद्यांना, सैनिकांना, मनोरुग्णांना मुद्दाम गुप्तरोगांची लागण केली. ते उघड झालं 2010मध्ये. 1956मध्ये गर्भनिरोधक गोळीची मोठी चाचणी पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांवर झाली. त्यात आजच्या घडीची भीती वेगळीच: घरात एकाचे जरी देशात राहण्याचे कागद अपुरे असले, तरी नाव-पत्ता मागणाऱ्याला कुणी आत घेत नाही.

शिवाय चाचण्या. स्मृती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या 1975च्या प्रसिद्ध एमएमएसई चाचणीत 'वर्ल्ड' या शब्दाची अक्षरं उलटी सांगायची असतात. स्पॅनिशमध्ये त्याचं 'मुंदो' झालं. पण स्पॅनिशमध्ये जसा उच्चार तसंच लेखन, मग काठिण्य तेवढंच राहिलं का? बॉस्टनच्या चित्र ओळखण्याच्या चाचणीत प्रेट्झेल हा पिळाचा खारा पाव आहे. तो ज्यानं कधी खाल्लाच नाही त्याची स्मृती गेली, असं कसं म्हणायचं? 'देमेन्सिया' हा स्मृतिभ्रंशासाठीचा स्पॅनिश शब्दही अनेक घरांत वेडाकडे झुकतो, आपल्या 'म्हातारचळा'सारखा.

ज्यांना माणसं मिळाली, ते दारापर्यंत गेले होते. 1993-94मध्ये नैऋत्येकडच्या पाच राज्यांत 3,050 मेक्सिकन-अमेरिकन वृद्धांच्या मुलाखती त्यांच्या घरी बसून झाल्या, हव्या त्या भाषेत. 2008 ते 2011मध्ये चार शहरांतून 16,415 जण हिस्पॅनिकांच्या आरोग्यावरच्या 'सोल' अभ्यासात आले. हे काम महागडं आणि संथ.

म्हणून इंटरनेट. 2014मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रेन हेल्थ रजिस्ट्री सुरू झाली: घरबसल्या नाव नोंदवा, संगणकावर चाचण्या द्या. पुढे स्पॅनिश जाहिराती आल्या, आणि 2020च्या साथीनं तर दुसरा रस्ताच ठेवला नाही. पण जाहिरातीवर टिचकी मारणारे पुष्कळ, शेवटची चाचणी पुरी करणारे थोडे. फोन बहुधा मुलीच्या हातात असतो. आई उत्तर देते, बोट मुलीचं. प्रतिक्रियेचा वेग मोजणाऱ्या चाचणीत मग नेमकं कुणाचं मोजमाप झालं?

आणि सहभागासाठी गिफ्ट कार्ड ठेवलं की बॉट, म्हणजे आपोआप अर्ज भरणारे संगणकी प्रोग्रॅम, येतात, एका रात्रीत शेकड्यांनी अर्ज भरून जातात. त्यांना गाळायला संशोधक फोन नंबर, पत्ता, कधी ओळखपत्राचा फोटो मागतात. त्या पानावर आली की मुलगी फोन बाजूला ठेवते.