दोन खोल्या, चार इयत्ता : जोडवर्गाची पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्यात रामटेक, पारशिवनी, कुही, भिवापूर या तालुक्यांतल्या आतल्या गावांकडे वळले, की जिल्हा परिषदेची शाळा बहुधा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची असते. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी शेजारच्या. कागदोपत्री याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, शिक्षकांच्या बोलण्यात जोडवर्ग. शिक्षक कमी पडले म्हणून काढलेली ही पळवाट, असे बहुतेकांना वाटते. इतिहास वेगळेच सांगतो. एका वयाची मुले, एक इयत्ता, एक शिक्षक ही मांडणी मागाहून आली, आणि लहान गावात तर ती पूर्णपणे कधी उतरलीच नाही.

इंग्रजी अंमलाआधीच्या गावठी, पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हती. ओसरीवर किंवा देवळात सहा वर्षांचा आणि बारा वर्षांचा मुलगा एकाच ओळीत बसे. नवा आलेला धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवी, त्याच्या पुढचा बोरूने मोडीचे कित्ते वळवी, त्याहून मोठे पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून हिशेबाला लागत. संध्याकाळच्या परवच्याला एक मोठा मुलगा सांगे आणि बाकीचे मागून म्हणत. जो जिथे अडला तिथून तो पुढे सरके. वय काय, हे कोणी विचारत नसे. या पद्धतीचे दोषही ठळक होते. सांगणाऱ्या मुलाची चूक अख्ख्या ओळीत उतरे, पाठांतर पक्के होई पण अर्थ कच्चा राही, आणि मुलींना व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना त्या ओसरीवर जवळजवळ जागाच नव्हती.

मोठ्या मुलाने लहानाला शिकवण्याची ही देशी रीत विलायतेपर्यंत गेली. मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने वाळूत अक्षरे काढणारी मुले पाहिली आणि तीच तऱ्हा आपल्या संस्थेत लावली. त्याचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनला छापून आला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकॅस्टरने लंडनमध्ये त्याच धर्तीची शाळा काढली, आणि ‘मॉनिटर’ हा शब्द घेऊन ती पद्धत इंग्रजी शाळांबरोबर इकडे परतली. आज आपल्या वर्गातला मॉनिटर गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो. शिकवण्याचे काम त्याच्याकडून केव्हाच सुटले.

इयत्ता आली ती तपासणीच्या वाटेने. इंग्लंडात १८६२ च्या सुधारित संहितेने वाचन, लेखन आणि गणिताच्या सहा पायऱ्या ठरवल्या. तपासणीचा साहेब येऊन पायरीवार परीक्षा घेई आणि निकालावर शाळेचे अनुदान ठरे. निकालानुसार अनुदान हिंदुस्थानातही रुजले. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यावर बरीच चर्चा झाली. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन १८६१ मध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली होती, म्हणजे इथले सरकारी शिक्षण नेमके याच काळात उभे राहिले. शाळेचे दप्तर इयत्तेप्रमाणे मांडले गेले. गुरुजी मात्र गावाला एकच मिळाला. इयत्ता ही मुळात मोजणाऱ्याची सोय होती, शिकवणाऱ्याची नव्हे. आजच्या जोडवर्गातल्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

पुढचा काळ कायद्यांचा आणि फेररचनांचा आहे. १९२० मध्ये मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. १९३७ नंतर प्रांताच्या मंत्रिमंडळातील पंडित रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली. दान मिळालेल्या शेतीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, ही तिच्यामागची कल्पना. १९३७ च्याच ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून द्यायचे बुनियादी शिक्षण, मांडली गेली. तकलीवर सूत काढताना लहान-मोठे एकत्र बसू शकत, कारण तिथे मोजमाप हाताचे होते. पण बुनियादी शिक्षण ओसरले, तशी ही सोयही गेली. १९४८ च्या कायद्याने तालुका पातळीवरच्या जनपद सभा आल्या, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळेचा मालक तीनदा बदलला, एकशिक्षकी शाळा मात्र तशीच राहिली.

तिला धक्का लागला तो १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेल्या खडू-फळा मोहिमेने. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन मोठ्या खोल्या, किमान दोन शिक्षक, शक्यतो त्यांतली एक शिक्षिका, आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य, हा तिचा किमान हिशेब. एकशिक्षकी शाळा द्विशिक्षकी झाली, ही मोठीच सुधारणा होती. पण इयत्ता चार आणि शिक्षक दोन, हे गणितही तिथेच पक्के झाले.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ते कायद्यात नेले. त्याच्या अनुसूचीत पाचवीपर्यंतच्या शाळेसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असे कोष्टक आहे. ही मोजणी शाळेच्या एकूण पटावर होते, इयत्तेवर नाही. म्हणजे चौथीपर्यंतच्या शाळेत पट ९० च्या वर गेल्याशिवाय प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळत नाही. नेमणूक पटावर, आणि पुस्तक, वेळापत्रक, चाचणी इयत्तेवर, अशी ही उलटी सांगड आहे.

आता खोलीत काय होते ते पाहू. तासिका ३५ मिनिटांची धरली, तर दोन वर्गांना प्रत्येकी सतरा-साडेसतरा मिनिटे येतात. शिक्षक प्रशिक्षणाला किंवा रजेवर गेले की चारही वर्ग एकाकडे, म्हणजे प्रत्येकी नऊ मिनिटेही नाहीत. म्हणून अनुभवी शिक्षक आधी मोठ्या वर्गाला तीन-चार मिनिटांत काम लावून देतात, मग लहान वर्गाला बारा-पंधरा मिनिटे प्रत्यक्ष शिकवतात, तेवढ्यात मोठ्यांचे काम संपत आलेले असते, मग अदलाबदल. क्रम उलटा केला तर फसते, कारण पहिली-दुसरीची मुले एकट्याने पाच-सात मिनिटांपलीकडे टिकत नाहीत. दोन्ही वर्गांना एकाच वेळी बोलका विषय ठेवला, एकीकडे कविता आणि दुसरीकडे वजाबाकीचे स्पष्टीकरण, तर दोन्हीकडचे ऐकू येत नाही. एकाला बोलके आणि दुसऱ्याला लेखी, असेच जुळवावे लागते. फळे समोरासमोरच्या भिंतींवर असावेत आणि वर्ग एकमेकांकडे पाठ करून बसावेत. एकाच फळ्यावर मधे रेघ मारून भागवले, की दुसरीचे मूल पहिलीचे उतरवून घेते.

सर्वांत जास्त नुकसान ‘पुस्तकात पाहून लिहा’ या कामाने होते. ते लावायला सोपे आणि शांतता देणारे असते, पण त्यात मूल फक्त अक्षर वळवते. त्याऐवजी दहा शब्दकार्डांतून जोड्या लावणे, मण्यांचे किंवा काड्यांचे दशक बांधून सहा उदाहरणे सोडवणे, शेजाऱ्याला पाच ओळी वाचून दाखवून तीन प्रश्न विचारणे, अशी ज्याचे उत्तर मुलांना आपसांत तपासता येईल अशी कामे लागतात. आपसांत तपासता येत नसेल तर अर्धी मुले वह्या घेऊन गुरुजींभोवती गोळा होतात आणि दुसऱ्या वर्गाचा पाठ तिथेच थांबतो.

विषय एकत्र करणे जमते, पण सगळीकडे नाही. परिसर अभ्यासात पाणी, अन्न, वाहतूक तिसरी-चौथीला एकत्र घेता येतात. तिसरीने विहीर, हातपंप, नळ यांची चित्रे काढायची आणि चौथीने घरोघरच्या वापराचा तक्ता भरायचा. इतिहासाशी आले की वाट फुटते, कारण चौथीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये शिवछत्रपती आहेत आणि तिसरीला आपला जिल्हा. गणितात तर एकत्र पाठ घेऊच नये. तिथे दोन वर्ग पुसून ‘हातच्याची बेरीज न येणारे’ आणि ‘येणारे’ असे गट करणे बरे. चौथीची दोन मुले तिसरीच्या गटात बसली तरी बिघडत नाही, फक्त गट दर दोन-तीन आठवड्यांनी मोडून पुन्हा करायला हवेत. नाहीतर तीच मुले कायमची ‘कच्ची’ ठरतात.

पायऱ्यांवर आधारलेल्या अशा पद्धती इतरत्र रीतसर बांधल्या गेल्या. आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने मुलाला आपल्या गतीने पायरीपायरीने पुढे नेणाऱ्या कार्डांची शिडी तयार केली, कर्नाटकात १९९५ पासून त्यातून नली-कली (आनंदाने शिकणे) ही पद्धत उभी राहिली, पुढे चेन्नई महापालिकेच्या शाळांनी ती घेतली. आपल्याकडेही कृतियुक्त अध्ययनाचे आणि २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकेल अशा, वर्गांचे प्रयोग झाले. फरशीवर आखलेल्या अंकपट्ट्या त्यावेळच्या. हे प्रयोग कुठे अडतात? कार्डे फाटतात, हरवतात, आणि संच पुन्हा येत नाही. शिक्षकाची बदली होते आणि शिडी त्याच्याबरोबर जाते. शिवाय सत्राच्या शेवटी चाचणी इयत्तेचीच असते.

विदर्भातली आणखी एक अडचण उन्हाची आहे. इथे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडते आणि उन्हाळ्यात सकाळची भरते. सकाळच्या शाळेत तासिका आखडते. बारा-पंधरा मिनिटांचा जो प्रत्यक्ष पाठ होता, तो आठ-नऊवर येतो आणि नेमकी उजळणी कापली जाते. रामटेक-पारशिवनीच्या जंगलपट्ट्यात घरची भाषा गोंडी किंवा हिंदी असलेली मुले पहिलीत येतात. त्यांना दुसरीच्या मुलाशेजारी बसवणे हा जोडवर्गाचा खरा फायदा, कारण गुरुजींची मराठी आधी त्या मुलाच्या तोंडून पोचते.

शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारी संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. निकषांत वेळोवेळी बदल झाले. १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय त्यांतलाच. पण शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीच्या हिशेबाने पाहिले तरी चार इयत्तांच्या शाळेत ६१ मुले आहेत तोवर तीन शिक्षक राहतात. एक कुटुंब कामासाठी गाव सोडून गेले, की दोन. समायोजनात, म्हणजे जादा ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत हलवताना, तिसरे शिक्षक सत्राच्या मध्यावर जातात. तोवर चौथी स्वतंत्र चाललेली असते आणि तिसरीच्या बरीच पुढे गेलेली. मग दोन्ही वर्ग एका खोलीत आणताना आधी दोघांची पाने जुळवावी लागतात, आणि त्यात बराच वेळ जातो.