दोन लिप्यांनी मूल गोंधळतं का?

"मराठी शाळेत कन्नडही शिकवलं की पोराला धड एकही लिपी येत नाही." बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हे वर्षानुवर्षं फिरतंय. काळजी रास्त आहे, कारण मात्र दुसरं आहे.

दोन्ही लिप्या ब्राह्मीतून आल्या. क-ख-ग-घचा क्रमही तोच. शब्दातले आवाज सुटे करून पुन्हा जोडणं मूल एकदाच शिकतं, ते दोन्हीकडे चालतं. अडतं ते ठरावीक जागी. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन, मराठीत एकेकच. जोडाक्षरात मराठीत बहुधा पहिलं अक्षर अर्धं होतं, कन्नडमध्ये दुसरं खाली जातं. 'सूर्य'मधला रफार मराठीत 'य'च्या डोक्यावर, कन्नडमध्ये 'य'च्या पुढे. एवढं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवलं तरी बराच घोळ मिटतो.

तपासायला धडा नको, तो बहुतेकदा पाठ असतो. 'टिमूक', 'झुपील' असे दहा निरर्थक शब्द दोन्ही लिप्यांत लिहून वाचायला द्या. दोन्हीकडे वेलांटी-उकारावरच अडखळलं, तर स्वरचिन्हांचा सराव कमी पडलाय. एकाच लिपीत अडलं, तर त्याच लिपीची अक्षरं पुन्हा घ्या, रोज दोन-तीनच.